एल्डन हिलचं मत

त्याच्या उजव्या बुटाची टाच डाव्यापेक्षा बोटभर जास्त झिजली होती. १७८८च्या फेब्रुवारीतल्या बर्फाने रस्ता अडवला म्हणून तो काँकर्डला आमच्या घरी उतरला होता, आणि चुलीपाशी बूट वाळत ठेवताना मला ते दिसलं.

"उजवीकडे झुकून चालता तुम्ही," मी म्हणाले.

"एल्डन हिल उतारावर आहे. आमच्याकडे सगळेच तसे चालतात."

"आणि मतं? तीही सगळ्यांची एकाच बाजूला?"

तो हसला... पण कान लाल झाले. जोथम त्याचं नाव, एल्डन हिल या गावाचा प्रतिनिधी. देशाची नवी राज्यघटना न्यू हॅम्पशायर राज्याने स्वीकारावी का, यावरच्या सभेहून तो परतत होता. गावसभेने त्याला लिहून दिलं होतं : नकारच द्यायचा. दहा दिवस वाद ऐकून त्याचं मन मात्र होकाराकडे वळलं होतं. गावाच्या हुकमाने असे बांधलेले प्रतिनिधी बरेच निघाले, म्हणून मत न घेताच सभा जूनवर ढकलली.

बर्फ तीन दिवस पडला. चौथ्या सकाळी, खोगीर आवळता आवळता, माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "केझाया, माझ्याशी लग्न कराल?"

"जूनमध्ये सांगते."

जूनमध्ये सभा आमच्याच प्रार्थनाघरात भरली.

"गावाने मोकळं केलं?" मी कुंपणापाशी विचारलं.

"नाही. परत हात वर केले, परत नकार. आणि... तुमचं उत्तर?"

"आधी तुमचं. मी आत्ता हो म्हटलं, तर तुमचे लोक म्हणतील, काँकर्डच्या पोरीने मत फिरवलं."

"आणि नाही म्हणालात तर?"

"तर तुम्ही रुसून मत द्याल. ते तर त्याहून वाईट!"

शनिवारी दुपारी मी वरच्या सज्जात बायकांमध्ये बसले. आठ राज्यं राजी झाली होती, नववं मिळालं की घटना लागू. खाली एकेक नाव पुकारलं जात होतं. त्याचं आलं. तो उठला, बाकाची कड धरून... आणि मी श्वास मोजले. चार.

"होकार," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण सज्जापर्यंत ऐकू आलं.

सत्तावन्न विरुद्ध सत्तेचाळीस. घंटा वाजू लागल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मंगळवारी गावसभा आहे," तो म्हणाला. "का फिरलो ते मीच सांगणार. चाळीस घरं आहेत, केझाया... चाळीसही बोलायची बंद होतील. अशा घरात या, असं कुठल्या तोंडाने म्हणू? फेब्रुवारीतलं विसरा."

"मला विसरायला सांगणारे तुम्ही कोण?"

"प्रतिनिधी होतो. आता तेही नाही."

मला हसू आलं. मी त्याचा हात हातात घेतला.

"गावसभेत बायकांना बोलू देत नाहीत ना?"

"नाही."

"मग मी दाराशी उभी राहीन. बाहेर पडाल तेव्हा एक तरी माणूस तुमच्याशी बोलणारं हवं." मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "जोथम, मी करते तुमच्याशी लग्न."