तांदूळ वाढले

प्रयोगशाळेच्या टेबलावर सगुणाचं डोकं धडापासून काढून ठेवलं होतं आणि ते तंत्रज्ञ हेरंब टिळेकरांना चहाचं विचारत होतं.

धरणात बुडालेलं आंबेसरी गाव काठावर पुन्हा उभारलं, त्याचं नाव 'नांदतं गाव' संग्रहालय. चुली खऱ्या, माणसं यंत्राची. सगुणा त्यांतली सुगरण. पण पाहुणे आले की हटकून म्हणायची, "अगंबाई, तांदूळ संपले!" घरात धान्य 'संपलं' असं अभद्र कोण बोलतं? 'वाढलं' म्हणायचं. बघायला येणारे आंबेसरीकर कान झाकून घेत.

"उद्या समिती येतेय," संचालिका क्षिप्रा नाडगौडा म्हणाल्या. "चूक राहिली तर हिची स्मृती पुसणार."

हेरंबांनी सगुणाचं डोकं जवळ ओढलं. अख्ख्या आंबेसरीची बोली त्या डोक्यात साठवलेली होती.

"मॅडम, हा स्वयंशिक्षु मेंदू आहे. लोक सांगतात ते साठवतो. आणि ज्या वागण्यानं लोक थांबून बोलतात, तेच पुन्हा करतो. बस, एवढाच नियम."

"मग 'वाढले' तिला कुणी शिकवलं नाही?"

"भामाक्का रोज शिकवतात की!"

भामाक्का आंबेसरीतल्या सगळ्यांत वडील. घरी सुनेशी दोन शब्द बोलायच्या नाहीत. हल्ली माणसांची नावंही त्यांच्या आठवणीतून निसटत. इथे मात्र सगुणाला फैलावर घेत. सून वैजयंता बाजूला बसून ऐकायची.

हेरंबांनी स्मृतिपट उघडला. 'वाढले' तिथे पहिल्याच दिवसापासून होतं.

"सगुणा, तुला येतंय की!"

"येतंय ना, दादा."

"मग चुकतेस कशाला?"

"बरोबर बोलले तर आक्का 'शहाणी गं' म्हणते नि पुढच्या घरात जाते. चुकले की बसते."

क्षिप्राबाईंनी चष्मा पुसला. "टिळेकर, डोकं बसवून टाका. काही दुरुस्त करू नका."

दुसऱ्या दिवशी समिती चुलीपुढे उभी राहिली. सगुणा म्हणाली, "अगंबाई, तांदूळ संपले!"

भामाक्का सुनेसोबत समोरच बसल्या होत्या. त्यांनी सगुणाकडे परक्या घरी आल्यासारखं सौजन्यानं पाहिलं. सगुणानं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. भामाक्का नुसत्या हसल्या. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं.

"मेले, जीभ आहे की खुरपं?" वैजयंता कडाडली. स्वतःच दचकली, पण थांबली नाही. "वाढले म्हणावं! आमच्या आक्का नवी नवरी होत्या, तेव्हा असंच बोलल्या. सासूनं रिकामी कणगी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, आता हिची माफी माग..."

"आमच्या आजोळी तर माठालाही रिकामा म्हणत नसत," म्हणत अध्यक्षांनी पाट ओढला आणि पेन खिशात गेलं. सगुणा शब्दन् शब्द टिपत होती.

भामाक्का सुनेच्या जवळ सरकल्या. डोळे मोठे झाले होते.

"अगं बाई! मग मागितली का गं तिनं माफी?"