एक तार ओढली की...

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरताना तिची गिटार दाराला अडकली, ती गिटारला अडकली, आणि दोघी थेट त्याच्या कामाच्या टेबलावर जाऊन आदळल्या. पडलेला स्क्रू शोधायला तो टेबलाखाली वाकला होता. वर आला तर समोर एक घामाघूम मुलगी आणि तिच्या कुशीत एकही तार नसलेली इलेक्ट्रिक गिटार.

"सगळ्या तारा एकदम काढल्यात ना?" त्याने विचारलं.

"नीट पुसायची होती... पण तुम्हाला कसं कळलं?"

"तारा जिथे अडकवतात तो हा ब्रिज बघा, आत बुडालाय. समोरून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि हा मधल्या मधे तरंगतो. तारा गेल्या की स्प्रिंगांना रान मोकळं! एक काढायची, एक लावायची, मग दुसरी."

"मी दातांची डॉक्टर आहे," ती फणकारली. "दात मी एकेकच काढते. ही गिटार मावसभाऊ परदेशी जाताना माझ्या गळ्यात मारून गेला. बोलला काहीच नाही, शहाणा!"

तो हसला. मनापासून, डोळे बारीक करून... आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

मग दर शनिवारी दवाखाना बंद करून ती इकडे यायची. गिटारही नेमाने रुसायची. एकदा वरच्या टोकाला तारा आवळून धरणारी पट्टी सैल न करताच तिने खुंटी पिळली आणि तार तुटली. राहिलेल्या पाचही बेसूर!

"एक गेली, तर बाकीच्यांनी का तोंड फिरवायचं?"

"एकत्र कुटुंब आहे, डॉक्टर. एकीला ओढलं की सगळ्यांना लागतं."

त्या पट्टीची किल्ली कशी फिरवायची ते दाखवताना त्याची बोटं तिच्या बोटांवर आली. "हलक्या हाताने... आवळायचं, पिळायचं नाही." भल्याभल्यांच्या दाढा न डगमगता उपटणारा तिचा हात किल्ली फिरवायचंच विसरला. त्याने ते पाहिलं, आणि उगाचच लांब जाऊन फडकं शोधत बसला.

शिकवायचा मात्र जीव तोडून. एका शनिवारी तो हात मागे बांधून नुसता उभा राहिला. तिने एकेक करत सहाही तारा बदलल्या, मागच्या स्प्रिंगा घट्ट केल्या, ब्रिज सपाट आणला. छेडलं... सगळं सुरात!

"झालं," तो म्हणाला. "आता तुम्हाला इथे यायची गरज नाही."

गिटारसाठी यायचं तिने कधीच सोडलं होतं, हे त्या बावळटाला कळू नये? ती गिटार खोळीत कोंबू लागली. "एवढी घाई झाली होती मला घालवायची?"

"हो. झाली होती."

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तो घाईघाईने म्हणाला, "ऐका ना... माझ्या मामांच्या या दुकानात आधी एक कारागीर होता. त्याने गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मुलीला एक प्रश्न विचारला. तिला नाही म्हणायचं होतं, पण संकोचाने दुरुस्त झालेलं व्हायोलिन न्यायलाही ती फिरकली नाही. मला तसं नको होतं. तुमचं माझ्यावाचून काही अडत असताना विचारणं... बरं दिसलं नसतं. आता नाही म्हणालात, तरी गिटार वाजेलच."

"पण विचारायचं काय होतं?" तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"उद्या... माझ्याबरोबर फिरायला याल?"

तिने डोळे पुसले, आणि हसू दाबत म्हणाली, "अहो-जाहो करणाऱ्यांबरोबर मी फिरायला जात नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. "...येशील?"

"येईन," ती म्हणाली. "आणि गिटार घरी ठेवून येईन."