रिकामं पाणी

रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक येतं, "साधा निळा द्या" म्हणतं, आणि मी भिंतीवरच्या शेडकार्डाकडे बोट दाखवते. त्यावर एकशे बारा निळे आहेत, त्यातला साधा कुठला ते त्याने सांगावं. माझा धाकटा भाऊ लोकांना बजावतो, ताईच्या नादी लागू नका, ती प्यायचं पाणीसुद्धा खिडकीपाशी नेऊन बघते. त्याचं फारसं चुकत नाही. आमच्या रंगशाळेची खिडकी उत्तरेला आहे. थेट ऊन आत येत नाही, त्यामुळे दहा ते चार उजेड एकसारखा असतो. रंग पास करायचा तो त्या उजेडात, आणि तोही कापड वाळल्यावर. ओलं कापड एखादी शेड गडद दिसतं आणि नवशिके तिथेच फसतात.

रंगशाळा आम्हा दोघांची. मी रंग जुळवते, टाक्या तो सांभाळतो. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचो, ते नाव असं चिकटलं की आता त्याची बायकोही तीच हाक मारते. त्याला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ढब्बू अर्धा झाला. हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि रोज काविळीचा आकडा वर चढलेला असायचा. वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"लिव्हर साथ देत नाहीये. आठवड्याभरात उतार पडला नाही तर मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तो प्रवास त्यांना झेपेल असं मी सांगू शकत नाही."

मी मान हलवली, आणि जिन्यात जाऊन पोटभर रडले. मग रंगशाळेत गेले. पडद्यांचं काम अडलं होतं, आणि घरी बसून मला वेड लागलं असतं.

काम सुरू करण्याआधी आम्ही टाकी तपासतो. आदल्या रंगाचा अंश राहिला असेल तर पुढचा माल बिघडतो. म्हणून नुसतं पाणी गरम करायचं आणि पांढऱ्या सुती कापडाचा छोटा तुकडा त्यात फिरवायचा. पांढराच निघाला की टाकी स्वच्छ. त्या दिवशी, ढब्बू स्वतः वापरतो त्या लहान टाकीतून तुकडा पिवळा निघाला.

मी वैतागले. टाकी सोड्याने घासली, पाणी बदललं, दुसरा तुकडा टाकला. तोही पिवळा. पाणी मात्र नितळ, तळावरचे ओरखडे मोजता येतील इतकं. तागा बदलून पाहिला, मग घरून प्यायचं पाणी आणून ओतलं. तरी तेच. शेजारच्या मोठ्या टाकीत त्याच ताग्याचा तुकडा पांढरा राहिला. आणि महिनाभरात आमच्याकडे पिवळ्या रंगाचा डबा उघडलाच गेला नव्हता.

वाळल्यावर पहिला तुकडा कार्डाशी लावून पाहिला. कार्डावरच्या सत्तर पिवळ्यांत तो नव्हता. किंचित हिरव्याकडे झुकलेला, खालून मातकट असा तो रंग होता. तो मी रोज कुठेतरी बघत होते, पण कुठे ते आठवेना. संध्याकाळी वॉर्डात ढब्बूने डोळे उघडले तेव्हा आठवलं.

मी पर्समधून तुकडा काढून त्याच्या गालाशी धरला.

"काय करतेस?"

"काही नाही. जुळवतेय."

"मग, पास का?"

पास नव्हता. आदल्या दिवशी त्याचे डोळे तंतोतंत त्या तुकड्याच्या रंगाचे होते. आता ते एक शेड फिकट दिसत होते. दुसऱ्या सकाळी आकडा पहिल्यांदा खाली आला. एका आकड्यावर जाऊ नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मीही जात नाही. पण खात्री करून घेणं हा माझा स्वभाव आहे. त्या दिवशी मी मुद्दाम एकही तुकडा टाकला नाही, आणि पुढच्या सकाळी आकडा पुन्हा वर गेला. त्या एका दिवसाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर मी थांबले नाही. एकाच पाण्यात एकामागून एक कापड टाकलं की पहिलं सगळ्यात जास्त रंग पितं, पुढचं त्याहून कमी, असं करत पाणी रिकामं होतं. हे आमचं रोजचं काम. इथेही तसंच चाललं होतं. दिवसाला आठ-नऊ तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. दोरीवर ते ओळीने वाळत आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जरासा फिकट असे. ते तुकडे धुवायची मात्र माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी भावजय किल्ली न्यायला आली आणि दोरीकडे बघत राहिली.

"ही कुणाची ऑर्डर?"

"आहे एकाची."

"इतका घाणेरडा रंग कुणाला हवाय, ताई?"

"कुणालाच नको आहे," मी म्हणाले. ती किल्ली घेऊन निघून गेली.

सहाव्या दिवशी ढब्बूने स्वतःहून खायला मागितलं. सूपला नावं ठेवली. "ताई, ह्यात गाजर एकदाच बुडवून काढलंय. आपण असा माल दिला असता तर मार खाल्ला असता." मी हसले आणि हसता हसता डोळे पुसले. आता हलवायची गरज नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एकसष्टावा तुकडा बाहेर काढला. इस्त्रीने वाळवला. खिडकीत नेऊन कोऱ्या कापडाशेजारी ठेवला. कोरा कुठला ते सांगता येऊ नये इतके दोन्ही सारखे. मी भावजयीला फोन लावला.

"डोळे कसे आहेत?"

"पांढरे," ती म्हणाली.

मी तिथेच फरशीवर बसले. माझा भाऊ मरणार नव्हता.

मग मी जे केलं ते निव्वळ सवयीने. एक तुकडा पांढरा निघाला तरी आम्ही खात्रीसाठी आणखी एक टाकतो. ढब्बूला ही शिस्त मीच लावली आहे. बासष्टावा तुकडा पाण्यात सोडला आणि चहा ठेवायला गेले.

वीस मिनिटांनी चिमट्याने तो वर काढला.

तो गुलाबी होता.

अगदी फिकट. उबदार गुलाबी. ओला आहे म्हणून असा दिसतोय, मी स्वतःला सांगितलं. वाळवला. तरीही गुलाबीच.

या वेळी कार्ड बघावं लागलं नाही.

टाकीचं बूच उपटलं. पाणी नितळच होतं, नितळच वाहून गेलं. तुकडा पर्समध्ये टाकला आणि दोन्ही गल्ल्या मी धावत पार केल्या. या वयात, चपला हातात घेऊन.

ढब्बू उशीला टेकून बसला होता. सफरचंद खात होता आणि भावजयीला चिडवत होता.

"ताई, उद्या घरी. काय गं, एवढी धापा का टाकतेस?"

मी त्याचा हात धरला. नाडी चालू होती. डोळे दुधासारखे पांढरे होते. इतकं सुटल्यासारखं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं, आणि ते मी त्याला सांगितलंही. तो लाजला.

नर्स शेवटच्या तपासणीचं रक्त घ्यायला आली. नळी भरली. त्यावर नाव लिहायला ती खिडकीशी उभी राहिली.

"आता सगळं छान दिसतंय," ती म्हणाली.

रक्त लाल होतं. कुणीही लालच म्हटलं असतं. मला ते एक शेड फिकट दिसलं.

"ठीक ना, ताई?" ढब्बूने विचारलं.

"ठीक," मी म्हणाले, आणि पर्समध्ये हात घातला. तुकडा वाळून तास उलटला होता.

तो अजून कोमट होता.