गरम इंजिन

कट्‌…

स्पार्क प्लगचं डोकं पान्यासोबत तिच्या हातात आलं. आट्यांचा तुकडा इंजिनातच अडकून राहिला.

"काय झालं?" बाकावरून ड्रॉइंगचे सर उठले. गाडी अडखळते म्हणून महिन्यात ही त्यांची चौथी खेप.

"काही नाही. बसा."

"तुमचा चेहरा तर…"

"माझा चेहरा नका बघू, गाडी बघा!"

"गाडी बघायला कोण येतं," सर पुटपुटले.

एरवी ती हसली असती. आज तिनं दाराकडे पाहिलं. गॅरेज बाबांचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना त्यांनी बजावलं होतं — एक इंजिन बिघडवलंस, तर पाना खाली ठेवायचा. मग गॅरेज तुझा काका बघेल.

आणि तुकडा सुटून खाली सिलिंडरमध्ये पडला, तर इंजिनच उघडावं लागणार.

उपाय

गंज सोडवणारं तेल. अर्धा तास. इंजिन गार होऊ द्यायचं…

हे आधीच करायचं होतं!

कारण

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

"उगाच चांगुलपणा नको."

"दर शनिवारी घरी मीच प्लग सैल करायचो. इथं यायला… निमित्त."

तिनं चटकन वळून पाहिलं.

"काल लाज वाटली. जोर मिळावा म्हणून पान्याला पाइप लावून प्लग गच्च आवळला."

"मग आज कशाला आलात?"

"खरं सांगायला. पण मी आल्या आल्या तुम्ही बोनेट उघडलंत."

"शहाणेच आहात! माझा जीव टांगणीला लागलाय, कळतंय?"

"कळतंय. म्हणून तर —"

"गप्प बसा." ती खाली बघू लागली. "गरम इंजिनाला पाना लावू नये, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. पण बाबा यायच्या आत गाडी झाली असती, तर… तुमच्याशी निवांत बोलता आलं असतं."

सरांनी बाह्या वर सरकवल्या.

पुन्हा उपाय

अर्ध्या तासानं, अडकलेला तुकडा फिरवून काढायच्या उलट्या आट्यांच्या सळईला तिनं ग्रीस फासलं, म्हणजे चुरा चिकटून वर येईल. सरांनी टॉर्च धरला. उजेड थरथरत होता.

"हात!"

"माझा नाही, तुमचा हलतोय."

पाव फेरा. थांबली. कुरकुर… अर्धा फेरा. तुकडा सुटला, अख्खा वर आला — आणि दारात बाबा.

"कोणी मोडला?"

"मी," ती म्हणाली.

"मी," सर म्हणाले.

बाबांनी तुकडा उजेडात फिरवून पाहिला. भोकात हवा मारली, वाकून निरखलं.

"आत काही नाही." त्यांनी आधी तिच्याकडे, मग सरांकडे बघितलं. "एक प्लग मोडायला दोघं?"

दोघांनी एकदमच माना डोलावल्या.

"मग नवाही दोघांनीच बसवा. आधी नुसत्या हातानं… सावकाश." पाना तिच्या हातात देऊन ते आत गेले.

अरुंद जागा. सरांच्या बोटांवर तिची ग्रीसनं माखलेली बोटं.

"आवळू नका," ती हळूच म्हणाली. "पुढच्या शनिवारी… असेच या."