चुकांचा रकाना

कागोशिमाच्या विमानतळावर उड्डाण आटोपून आलेल्या वैमानिकापुढे आधी हिरवा चहा येतो आणि मग एक कागद. चहा नको म्हणता येतं. कागद नको म्हणता येत नाही.

हान्सेईचा कागद म्हणतात त्याला. आज आपलं काय चुकलं ते आपणच हुडकायचं, लिहायचं आणि मान लववून वरिष्ठापुढे ठेवायचं. काय चुकलं, का चुकलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असे तीन रकाने. तळाशी तारीख आणि आपल्या नावाचा लाल शिक्का. ब्राझीलहून आलेल्या एव्हांद्रो लासेर्दालाही कंपनीने असा शिक्का कोरून दिला होता. त्या दिवशी त्याने पहिल्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि टोपी उचलली.

“काही नाही?”

कॅप्टन सामेशिमाने कागद दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. साठीला टेकलेला हा सडपातळ माणूस कंपनीचा मुख्य प्रशिक्षक होता. तो आवाज कधी चढवायचा नाही. त्याला तशी गरजच पडत नसे.

“उड्डाण चांगलं झालं, कॅप्टन. तुम्हीच तर मागे बसला होतात.”

“बसलो होतो ना. तुमच्या ब्राझीलमध्ये लोक चुकत नसतील, लासेर्दा-सान. आम्ही चुकतो बुवा. तेहतीस वर्षं उडवतोय, बिनचुकीचा एक दिवस मला आठवत नाही.”

“मग काय, खोटं लिहू?”

“शोधा,” सामेशिमा म्हणाला आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

आता यात भांडण्यासारखं पुष्कळ होतं, पण एव्हांद्रोची भांडायची ऐपत नव्हती. चौपन्नाव्या वर्षी त्याची तिकडची कंपनी बुडाली. त्याने जगभर अर्ज केले, तर एकट्या जपानने उत्तर दिलं. मग दोन दिवसांची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, नकली कॉकपिटमधली असंख्य नकली संकटं, असे चौदा महिने गेले. आता वीस नोव्हेंबरला प्रवाशांसह शेवटचं परीक्षेचं उड्डाण होतं. तोवरच्या प्रत्येक कागदावर सामेशिमाचा शिक्का हवा. एक जरी राहिला तरी फाईल पुढे जाणार नाही, करार महिनाअखेर संपेल आणि या वयात त्याला दुसरं कुणी दारातही उभं करणार नाही. विमान उडवण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसरं काही येऊ नये असंच त्याला आयुष्यभर वाटलं होतं.

आणि हे सगळं कचेरीत प्रत्येकाला ठाऊक होतं. तो आत शिरला की बोलणं थांबायचं. जेवायच्या टेबलावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. सकाळी दारू तपासायच्या नळीत सगळे एकदा फुंकायचे, त्याला दोनदा फुंकायला लावायचे. “परदेशी फुंकर, यंत्राला ओळखायला वेळ लागतो,” असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे तोंडावर हात धरून हसायचे. सामेशिमा हसायचा नाही. तो आकडा पाहायचा.

शीतपेयाच्या यंत्रापाशी नागातोमो उभी होती. उजव्या खुर्चीतली सहवैमानिक, एकतिशीची, कमी बोलणारी. त्या इमारतीत त्याच्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच.

“काहीतरी लिहून टाका हो,” ती म्हणाली. “सगळेच लिहितात. लहानसं लिहा.”

“नसलेली चूक?”

“लहानसंच लिहा,” तिने पुन्हा म्हटलं आणि डबा घेऊन निघून गेली.

त्याने लिहिलं. चाकं उतरवायची आज्ञा दोन सेकंद उशिरा दिली, लक्ष वाऱ्याकडे होतं, यापुढे काळजी घेईन. सामेशिमाने वाचलं, शिक्का उमटवला. एवढ्यावर भागत असेल तर रोज एक लोणकढी थाप मारायला आपलं काय जातंय, असा विचार करत एव्हांद्रो चहाच्या मळ्यांमधल्या रस्त्याने खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी आमामी बेटावर उतरताना चाकांची आज्ञा द्यायची वेळ आली. त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही.

घसा कोरडा नव्हता, मन भरकटलं नव्हतं. जीभ नुसती थांबली होती, दाराशी कुणी आडवा हात धरावा तशी. एक. दोन. मग शब्द बाहेर पडला. नागातोमोने चाकं उतरवली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. मागे घडीच्या खुर्चीत बसलेल्या सामेशिमाचं पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं.

मनाचे खेळ, दुसरं काय! लिहिलेलं डोक्यात घोळत राहिलं असेल. त्या दिवशी त्याने मुद्दाम बिनबुडाचं लिहिलं: उड्डाणाआधी खिशातलं पेन खाली पडलं. सकाळी पेन खिशात घालून वरची गुंडी लावली, बोटाने दाखवून स्वतःशीच मोठ्याने “गुंडी बंद” असंही म्हणाला. तिथली शिस्तच तशी आहे, जे तपासायचं त्याच्याकडे बोट करून तोंडाने बोलायचं. विमान धावपट्टीकडे वळलं तेव्हा त्याच्या पायाशी टक्क असा आवाज झाला. गुंडी बंदच होती.

तिसऱ्या दिवशी त्याने परीक्षाच पाहायची ठरवली. विमानात तो चहा पीत नसे, म्हणून लिहिलं: नकाशावर चहा सांडला. दुसऱ्या दिवशी स्वच्छ, निवांत हवेत हवाईसुंदरीने नागातोमोसाठी झाकणाचा कप आणून दिला. तिने झाकण काढलं. एव्हांद्रोचा उजवा हात मांडीवरून उठला. त्याने उठवला नव्हता. हात शांतपणे पुढे गेला, कप आडवा करून परत मांडीवर येऊन बसला.

नकाशा पिवळा पडत गेला.

उतरल्यावर त्याने नागातोमोला जिन्यातच गाठलं.

“मी जे लिहितो ते दुसऱ्या दिवशी होतं,” तो म्हणाला. “हसू नका.”

ती हसली नाही. तिने वर-खाली जिना पाहून घेतला.

“मी चार वर्षं एकच चूक लिहिते,” ती हळू आवाजात म्हणाली. “नियंत्रण कक्षाचे आभार मानायला विसरले.”

त्याला आठवलं. रेडिओवर सगळे वैमानिक शेवटी आभार मानतात. नागातोमो कधीच मानत नसे. तो तिला उद्धट समजत आला होता.

“दुसरं काही लिहून पाहिलं होतं?”

“एकदा.”

“काय?”

“तुम्हीही एकच धरा, लासेर्दा-सान. एकच आणि लहान.” पायऱ्या उतरताना ती कठडा घट्ट धरून होती.

मग त्यानेही एकच धरली: खिडकी बंद असल्याचं बोटाने दाखवायचं राहिलं. रोज तेच. रोज बोट उठायचं आणि खिडकीकडे जाताना मध्येच मिटायचं. बाकी सगळं चोख चाललं. आठ दिवस असे गेले तेव्हा त्याला वाटायला लागलं की निभावलं. एका संध्याकाळी त्याने पोर्तुगीजमध्ये गाणंही म्हटलं, भिंतीपलीकडच्याने भिंत ठोकेपर्यंत.

एकोणीस तारखेला दुपारी सामेशिमाने आठही कागद टेबलावर एका ओळीत मांडले.

“आठ दिवस तीच चूक. म्हणजे तुम्ही शिकत नाही, नाहीतर मला मूर्ख समजता. यातलं कुठलं?”

“कॅप्टन, माझी खरंच तीच…”

“खिडकी!” सामेशिमाने शेवटचा कागद उलटा घातला. “छप्पन्न वर्षांचा माणूस, पंधरा हजार तास उडवलंय म्हणता, आणि मला खिडकी दाखवता? माणसाला स्वतःची लाज वाटते अशी चूक लिहा. तशी एकही नसेल तर तुमची माझी गाठ इथेच संपली. उद्याच्या उड्डाणाला दुसरा कॅप्टन तयार आहे.”

“आणि लिहिली तर?”

“तर शिक्का.”

खोलीतले बाकीचे लोक आपापल्या पडद्यांकडे पाहत होते. कळफलकांचा आवाज मात्र बंद पडला होता.

एव्हांद्रो कोरा कागद घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. उद्या तोकुनोशिमाचं उड्डाण, शहात्तर आसनं, सगळी भरलेली. मोठी चूक लिहायची म्हणजे त्या शहात्तर माणसांच्या जिवावर लिहायची. न लिहावी तर टोपी खुंटीला, कायमची. तासभर तो नुसता शिक्क्याशी चाळा करत राहिला. त्याला सामेशिमाचा इतका संताप आला की क्षणभर वाटलं, त्याच्याच नावावर काहीतरी लिहावं. पण रकाना स्वतःच्या चुकीचा होता.

आणि मग त्याला सुचलं. जी होऊन गेली आहे तीच लिहावी. घडून गेलेली गोष्ट पुन्हा कशी घडेल?

तशी एक होती. पंचवीस वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, ब्राझीलमधल्या पासो फुंदोच्या धावपट्टीवर धुकं होतं. एका ठराविक उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर न्यायचं, हा नियम पोरांनाही पाठ असतो. त्याला दिसली नव्हती. पण त्याला घरी जायची घाई होती. “दिसली,” असं तो सहवैमानिकाला म्हणाला आणि मापकांच्या काट्यांच्या भरवशावर विमान उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याने लिहिलं. धावपट्टी दिसत नव्हती. दिसते असं सांगितलं. उतरलो. लिहिताना कान तापले, आणि संपल्यावर मात्र छातीवरचं काहीतरी हललं, हेही खरं.

सामेशिमाने कागद दोनदा वाचला. मग तो खुर्चीवरून उठला आणि कमरेत वाकला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

“तारीख राहिली,” तो म्हणाला.

“ही जुनी गोष्ट आहे, कॅप्टन. पंचवीस वर्षं झाली.”

“कागद आजचा आहे. तारीख आजचीच पडते.”

एव्हांद्रोने तारीख घातली. शिक्क्यावर शिक्का बसला.

वीस तारखेची सकाळ धुतल्यासारखी लख्ख होती. नळीत दोनदा फुंकून तो विमानात चढला. उजवीकडे नागातोमो, मागे परीक्षक म्हणून सामेशिमा. निघताना जमिनीवरचे कामगार नेहमीप्रमाणे रांगेत उभे राहून हात हलवत होते. आज त्याचं बोट खिडकीपर्यंत नीट गेलं. त्याला हायसं वाटलं.

समुद्र निळाशार होता. बेटं एकामागून एक मोजता येत होती. तोकुनोशिमा वीस मैलांवरून दिसलं, उसाची शेतं, पांढरा किनारा आणि काठावर धावपट्टी. चाकांची आज्ञा वेळेवर गेली. पेन खिशात होतं.

“हजार फूट,” नागातोमो म्हणाली.

“हजार फूट.” त्याने धावपट्टीकडे बोट दाखवलं. “धावपट्टी समोर.”

पाचशे फुटांवर काच पांढरी झाली.

ढग असा येत नाही. ढगाला कड असते, हालचाल असते. हे नुसतं पांढरं होतं, आतून पडदा ओढल्यासारखं. डावीकडच्या खिडकीतही तेच. आतले काटे मात्र स्वच्छ दिसत होते.

त्याने उजवीकडे पाहिलं. नागातोमो समोर पाहत डोळे बारीक करून बसली होती, डोळ्यांवर ऊन आल्यावर माणूस करतो तसे.

“तीनशे,” ती म्हणाली.

वर न्यायचं. पुन्हा वर. दोनच शब्द. जन्मभर पाठ असलेले. त्याने तोंड उघडलं.

“मिनिमम,” नागातोमोने ती ठराविक उंची आल्याचं पुकारलं.

“दिसली,” एव्हांद्रो म्हणाला. “उतरतोय.”

आवाज त्याचाच होता, ठाम, थोडासा कंटाळलेला. हात काट्यांमागे जात होते. शंभर. पन्नास. तीस. तो आतल्या आत ओरडत होता.

चाकं टेकली. इतकी हलकी की मागे कुणीतरी प्रवाशाने टाळी वाजवली.

विमानाचा वेग कमी झाला. “डावीकडे वळा,” नागातोमो म्हणत गेली तसा तो वळत गेला, “सरळ,” म्हणाली तसा सरळ. थांबल्यावर इंजिनं बंद झाली. पायऱ्या लागल्याचा आवाज आला. माणसं उतरत होती, कुणी हसत होतं, एक मूल बेटावरच्या बैलांच्या झुंजींबद्दल विचारत होतं.

काच पांढरीच होती.

खांद्यावर हात पडला. “अभिनंदन, कॅप्टन लासेर्दा,” सामेशिमा म्हणाला. “असं उतरणं मी फार दिवसांत पाहिलं नाही. हवा पण काय लाभली आज! समुद्राचा तळ दिसत होता.”

“कॅप्टन,” एव्हांद्रोने सुरुवात केली. मला बाहेरचं काही दिसत नाही, असं त्याला सांगायचं होतं. जीभ थांबली.

“परतीचंही तुम्हीच न्या,” सामेशिमा म्हणाला. “पुरी शहात्तर आहेत.”

नागातोमो त्याच्याकडे वळली होती. तिने त्याचे डोळे पाहिले, मग काच पाहिली, मग पुन्हा त्याचे डोळे.

“लासेर्दा-सान,” तिने अगदी हळू विचारलं, “तुम्हाला दिसतंय ना?”

मागून माणसं चढायला लागली होती.

“दिसतंय,” तो म्हणाला.