सोमाजी तांडेलाचा चेहरा

खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या माडकोटाच्या काळ्या तटावर पहाटेचा तांबूस उजेड चढत होता, आणि ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलातून कोळीवाड्यातल्या लेकुरवाळ्या बाया फिरंगी शिपायांच्या भाल्यांपुढे दरवाजाकडे हाकलल्या जात होत्या.

सोमाजी तांडेल पकडला गेला होता. फिरंग्यांच्या जहाजांना सळो की पळो करून सोडणाऱ्या त्या दर्यावर्द्याची माणसं मात्र होड्यांसह अजून बेटांआड दडून होती. त्याचं तान्हं लेकरू ओलीस धरून समुद्रापार धाडण्याची धमकी दिली, की ती मुकाट शरण येतील, असा कप्तानाचा डाव. पण लेकरू कोणतं, हे कोळीवाडा सांगेना. चाबकाखाली सोमाजीही बोलेना.

तेव्हा कप्तानानं निकोलोला पाचारण केलं. व्हेनिसचा हा उस्ताद तांब्याच्या पत्र्यावर माणसांचे चेहरे कोरून कागदावर त्यांचे छाप काढी. क्रोधानं, भयानं, शोकानं कपाळावरची कोणती रेघ कशी वळते, याच्या अभ्यासात त्याचा जन्म गेला होता.

"उस्ताद, कैद्याला या बायांपुढून फिरवतो. जिचा चेहरा हलेल, ती आम्हास दाखवावी."

"चेहरा फार वेळ खोटं बोलत नाही, हुजूर," म्हणत निकोलोनं कोळसा-कागद पुढ्यात घेतला.

रांगेत सोमाजीची बायको चांगुणा उभी होती. कडेवर वर्षाचा धाकू. शेजारची पारूआत्या ओठ न हलवता पुटपुटली, "पोरी, जीभ चाव. रगत आलं तरी चाव."

"माझं मी बघीन, आत्या. याचं काय करू? बापाला बघितलं की नाचतो हा."

बेड्या खणखणल्या. सुजलेल्या तोंडाचा, फाटक्या पाठीचा सोमाजी समोर आला. चांगुणेच्या भुवईचा केससुद्धा हलला नाही. पण धाकूनं मान वळवली, दोन दात दाखवत खदखदून हसला, आणि दोन्ही हात पुढे केले.

निकोलोचा कोळसा थबकला. कप्तान पुढे सरकला.

सोमाजीनं एकवार त्या हातांकडे पाहिलं. मग डोळे वटारून, दात विचकून, बेड्यांसकट हात उगारून तो अंगावर धावून आला आणि गरजला, "कुणाचं कार्टं हे? दूर करा, नाहीतर नरडं फोडीन!"

धाकू काळानिळा पडला, आणि किंकाळी फोडून आईच्या मानेत शिरला.

"मुडद्या!" चांगुणा ओरडली. "लेकराला भिववतोस? तुझ्या घरी लेकरं नाहीत का रे?"

शिपाई हसले. निकोलो मात्र झपाटल्यासारखा कागदावर वाकला होता. सोमाजीच्या क्रोधासारखा चेहरा त्याला जन्मात लाभला नव्हता. पुढली रांग पाहायचं भानच त्याला उरलं नाही.

"कोण ती, उस्ताद?"

"यांतली कोणीच नव्हे, हुजूर," मान वर न करता तो म्हणाला.

दुपारी सोमाजीला बुरुजावर फासावर चढवलं. तो चेहरा तांब्यात कोरला गेला, आणि 'दर्यातला राक्षस' म्हणून त्याचे छाप खाडीकाठच्या बाजारोबाजारी चिकटवले गेले.

काही वर्षांनी एका बाजारातल्या चौकीपाशी पोरं त्या छापावर चिखल मारत होती. धाकू सगळ्यांत पुढे.

"आये, बघ! डोळ्यावर बसला!"

चौकीवरचा शिपाई चांगुणेकडे रोखून पाहत होता. "का गं, तुझं तोंड का उतरलं?"

चांगुणा वाकली. चिखलाचा गोळा करून तिनं लेकाच्या हातात दिला.

"मार, बाळा," ती म्हणाली. "नीट नेम धर."