किल्ली तळघरात राहिली

हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खोलीचं दार तिने ढकललं, तेव्हा आत माणूस असा कोणी दिसलाच नाही. टेबलाखालून फक्त दोन बूट बाहेर आले होते.

"बरं झालं आलात," टेबलाखालून आवाज आला. "ती निळी वायर धरा बघू जरा. सोडू नका हं... सोडलीत तर सगळ्या हॉस्पिटलचं नेटवर्क झोपेल."

तिने मुकाट्याने धरली. खांद्यावर पिशवी, एका हातात बाहेरून जोडायची हार्डडिस्क, दुसऱ्या हातात निळी वायर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग एक उंच, केसांत कोळिष्टकं अडकलेला तरुण सरपटत बाहेर आला आणि तिचा पांढरा अ‍ॅप्रन पाहून ओशाळाच झाला.

"माफ करा, डॉक्टर. मला वाटलं, आमच्यातलंच कोणीतरी आलंय."

"मी डॉक्टर नाही. तिसऱ्या मजल्यावर वाचा-उपचार करते. आजारपणात ज्यांचं बोलणं जातं, त्यांना पुन्हा बोलतं करायचं."

"मग तुम्हाला काय म्हणायचं?"

"सगळे बाई म्हणतात."

"ते..." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, "मला नाही जमायचं."

तिने हसू ओठांतच दाबलं. "वायर सोडू का आता?"

"अरेच्चा! ती पाच मिनिटांपूर्वीच सोडायची होती. सांगायचं राहिलं."

तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं—वायरवाला.

तिची अडचण साधी होती, पण जिवाला लागलेली. हॉस्पिटलने सगळे कॉम्प्युटर नवे आणले आणि तिचा जुना सराव-कार्यक्रम त्यांच्यावर चालेना. पडद्यावर चित्र यायचं, आवाज पहिलं अक्षर सांगायचा आणि पेशंटने उरलेला शब्द पुरा करायचा. तीस वर्षं प्रवासी बोट चालवलेले एक कप्तान त्यावर एकोणीस शब्दांपर्यंत पोचले होते. कार्यक्रम बंद पडून तीन आठवडे झाले, तर त्यातले सात पुन्हा हरवले. आणि येत्या रविवारी त्यांची मुलगी चार वर्षांनी परदेशातून येणार होती. तिला घरात चिमणी म्हणत. कप्तानांना तेवढा एकच शब्द हवा होता.

"नव्या कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला हात लावायचा नाही, असा ऑफिसचा हुकूम आहे," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, जुनी सिस्टीम या बाहेरच्या डिस्कवर टाकता येईल का? जोडली की तिच्यावरूनच सुरू व्हावं."

"का नाही? उद्या घेऊन जा." त्याने असं म्हटलं, जसं काही चहा टाकायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर सगळं झकास चाललं. ती डिस्क छातीशी धरून वर गेली, जोडली, बटण दाबलं... पडदा काळा ठिक्कर. वर एकच पांढरी ओळ : सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

ती फोन उचलणार, तोच दारात वायरवाला उभा. चार जिने धावत चढल्यामुळे धापा टाकत होता.

"तुमची डिस्क... द्या जरा. ती नसली तर माझा कॉम्प्युटर सुरूच होत नाही हो!"

तिने भुवई उंचावली. "हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"अहो, खरंच! तुम्ही गेल्यापासून काळा पडदा घेऊन बसलोय." आणि मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझाही काळाच आहे," ती हळूच म्हणाली.

तो तिच्या कॉम्प्युटरसमोर वाकला, ती पांढरी ओळ वाचली आणि त्याने कपाळावर हात मारला. "मीच गाढव. सिस्टीम टाकताना सगळा संसार तुमच्या डिस्कवर मांडला, पण सुरू करायची फाइल लिहिली गेली माझ्या कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर. म्हणजे घर इथे आणि किल्ली तळघरात! घराला किल्ली नाही, किल्लीला घर नाही... दोघंही बंद."

"मग आता?"

"आता माझ्या कॉम्प्युटरची आतली डिस्क काढून ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. समोर तुमची एकटीच डिस्क असली, की दुसरीकडे काही लिहिलं जायचा प्रश्नच नाही."

ती दुपारची सुट्टी सोडून त्याच्यासोबत खाली गेली. तो इवलेसे स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवत गेला—एक, दोन, तीन, चार—आणि प्रत्येक वेळी त्याची बोटं तिच्या हातावर क्षणभर जास्तच रेंगाळली. पडद्यावर टक्के सरकत होते. पंख्यांची घरघर चालली होती. तिने कप्तानांबद्दल सांगितलं. त्याने एकही शब्द मध्ये न घालता ऐकलं. असं ऐकणारा माणूस तिला कामाबाहेर फार दिवसांनी भेटत होता.

डिस्क वर आणली, तरी तिचा कॉम्प्युटर हट्टाने आतलीच सिस्टीम उघडू लागला.

"आधी कुठे बघायचं, ते याला सांगावं लागेल," तो म्हणाला. "चालू करताना हे बटण दाबून धरा. ही यादी दिसते? पहिल्या नंबरवर आतली डिस्क आहे. तिला खाली ढकला, बाहेरचीला वर घ्या. तुम्हीच करा."

तिने केलं. पडदा क्षणभर थबकला... आणि तिच्या ओळखीची निळी खिडकी उघडली. दोघं एकदमच ओरडले. बाहेर बाकावर बसलेले कप्तान आणि त्यांची बायको दचकून उठले.

"काकू, आणा त्यांना आत!" ती म्हणाली.

कप्तान खुर्चीत बसले. पडद्यावर चिमणीचं चित्र आलं. "चि..." आवाज म्हणाला. कप्तानांचे ओठ थरथरले, गळ्याची शीर ताणली गेली. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा नुसती हवा. अकराव्यांदा—"चि... म... णी." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. कप्तान मात्र थांबेचनात. चिमणी, चिमणी, चिमणी!

तिने वळून पाहिलं. वायरवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि बाहीने नाक पुसत होता. त्याच क्षणी तिला कळून चुकलं, की आता आपलं काही खरं नाही.

त्यानंतर तो "डिस्क कशी आहे?" विचारायला यायचा. कधी नवी केबल घेऊन, कधी रिकाम्या हातानेच. रविवारी मुलगी आली, सोमवारी काकू भरल्या आवाजात सगळी हकीकत सांगून गेल्या, आणि मंगळवारी जिन्यात तो म्हणाला, "दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय. मोठं हॉस्पिटल आहे. शुक्रवारी पाचच्या आत कळवायचंय."

"अरे वा," ती म्हणाली. "छानच की." दिवसभर दुसऱ्यांकडून शब्द काढून घेणाऱ्या तिला त्या वेळी पुढे एकही शब्द सुचला नाही.

बुधवार गेला. गुरुवार गेला. तो फिरकला नाही.

शुक्रवारी चार वाजता तिने तळघरात फोन लावला. "जुना कार्यक्रम उघडत नाहीये. नवीच सिस्टीम सुरू होते."

तो आला. खुर्चीत बसला. बटण दाबून धरलं, यादी उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आतली डिस्क पुन्हा पहिल्या नंबरवर गेलीये," तो म्हणाला.

"हो का? आपोआप होत असेल."

"आपोआप नाही होत. कोणीतरी आत जाऊन, बटण दाबून, मुद्दाम बदललंय." तो वळला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं आणि भीतीही. "आणि कसं बदलायचं, ते या मजल्यावर एकाच माणसाला माहीत आहे."

तिचे गाल तापले. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "मग काय करायचं? तुम्ही येईनासे झालात. आणि उगाच कसं बोलवायचं?"

"मी येतच होतो, हो! दोनदा दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन परत गेलो. विचारायचं होतं... मोठी जागा आहे, काम चांगलं आहे, पण माझा जीव काही तिकडे धावत नाही. फक्त इथे कोणी..." तो अडखळला. "इथे कोणी थांब म्हणणारं आहे का, तेवढंच बघायचं होतं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होत आले होते. तिने खिडकीकडे पाहिलं, फळ्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं, मग सरळ त्याच्याकडे.

"थांबा," ती म्हणाली.

तो हसला. "थांबा... की थांब?"

तिने एक श्वास घेतला.

"थांब," ती म्हणाली. "थांब ना रे."

त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यावरची नजर न हलवता तिथल्या तिथे नकार कळवून टाकला. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"बाई, येऊ का आत?" बाहेरून कोणी पेशंट विचारत होता.

"दोन मिनिटं!" दोघंही एकदमच म्हणाले.